ऊन कुणाच्या नावावर?

(धाराशिव इथं तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे. जिथं जीभ अडखळली तिथं मागाहून नीट केलं.)

मित्रांनो,

मी भाषणवाला माणूस नाही. मॅट्रिक झालोय, तीही दुसऱ्या खेपेला. बंदराबाहेरच्या गोदामात कंत्राटावर कंटेनर रिकामे करतो. रात्रपाळी नसली तर कविता लिहितो. कवितेचे पैसे मिळत नाहीत, आणि कंटेनरचे वेळेवर मिळत नाहीत. त्यामुळं दोन्ही कामं मी सारख्याच रागानं करतो.

मला विषय दिलाय बेटांवरची वीज. विषय ऐकून मागं कुणीतरी हसलं. धाराशिवात समुद्र कुठाय, असं त्याला म्हणायचं असेल. खरं आहे. इथं प्यायच्या पाण्याची बोंब, समुद्र कुठला. पण दोस्ता, सप्टेंबर २०२५ आठव. सीना फुगली. भूम-परंड्याकडची गावं चारी अंगांनी पाण्यात गेली. माणसं घरावर चढून बसली. लष्कराचं हेलिकॉप्टर आलं तेव्हा लेकरंबाळं निघाली. त्या दिवसांत आधी तारा गेल्या, मग मोबाईल गेले. कोण जिवंत, कोण कुठं, कळायला मार्ग नाही. तेव्हा आपण बेटच होतो की.

आणि आपली वस्ती? ती तर पूर नसतानाही बेटच आहे. बेट म्हणजे काय, तर चारी बाजूंनी जे आहे ते आपलं नाही. मग ते पाणी असो, नाहीतर पाटलाचा बांध असो. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला बेट समजावून सांगावं लागत नाही.

आता समुद्रातल्या बेटाकडे चला.

मी उरणच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहतो. किनाऱ्यावर आलं की समोर घारापुरी दिसतं. साहेब लोक त्याला एलिफंटा म्हणतात. लेण्यांतली त्रिमूर्ती बघायला जगभरातून माणसं येतात. १९८७ साली ते जागतिक वारसा झालं. लेण्यांपलीकडं त्या बेटावर तीन गावं आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. हजारबाराशे माणसं.

या बेटाच्या चारी बाजूंनी काय आहे ते ऐका. एका अंगाला मुंबई. गेटवेपासून दहाएक किलोमीटर. शेजारी जवाहर द्वीप, तिथं तेलाच्या मोठ्या बोटी रिकाम्या होतात. वर तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे. तिथं १९५६ साली देशाची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिथंच टाटांचं औष्णिक वीज केंद्र. दुसऱ्या अंगाला न्हावा-शेवा बंदर, १९८९ पासून. रात्रभर दिव्यांचा लखलखाट. क्रेनवर दिवे, जहाजावर दिवे, गेटवर दिवे. आणि या सगळ्याच्या मधोमध घारापुरी. तिथं सूर्य बुडाला की डिझेलचं जनरेटर लागायचं, संध्याकाळी तीन-साडेतीन तास. मग अंधार.

ही गोष्ट स्वातंत्र्य मिळालं त्या सालची असती तर मी सोडून दिली असती. घारापुरीला वीज आली २२ फेब्रुवारी २०१८ ला. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली, पंचवीस कोटींच्या आसपास खर्च आला, आणि सत्तर वर्षांचा अंधार एका दिवसात संपला. अणू फोडायला १९५६ साली जमलं आणि साडेसात किलोमीटर तार टाकायला आणखी बासष्ट वर्षं लागली. इंजिनियर कमी पडले का? पैसे कमी पडले का? दोन्ही नाही. हजारबाराशे माणसांची मतं कमी पडली. गिऱ्हाईक कमी पडलं.

तेव्हा पहिली गोष्ट गाठीला बांधा. वीज जवळून जाते म्हणजे वीज आपल्याकडं येते, असं नसतं. उच्च दाबाची तार आपल्या वस्तीच्या डोक्यावरून जाते आणि खाली आपली आई चिमणी लावते. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्यानं काढली तो आपल्यातलाच कुणीतरी असणार.

आता लांबच्या बेटांचं बघू. हिंदी महासागरात मालदीव आहे. माणसं राहतात अशी दोनशेच्या जवळपास बेटं. प्रत्येक बेटाचं आपलं वेगळं वीजघर, आणि बहुतेक वीजघरं डिझेलवर. २००८ पर्यंत तिथं प्रत्येक वस्तीच्या बेटावर वीज पोचली, ही मोठी गोष्ट आहे. पण डिझेल बोटीनं येतं. तेलाचा भाव लांबच्या देशात वाढतो आणि घाम या बेटाला फुटतो. बोट आली नाही तर दिवा नाही.

म्हणून छोटे देश सूर्याकडं वळले. प्रशांत महासागरात टोकेलाऊ म्हणून तीन प्रवाळबेटं आहेत. अटाफू, नुकुनोनू, फाकाओफो. देश म्हणून स्वतंत्र नाही, न्यूझीलंडच्या ताब्यात आहे. दीडेक हजार वस्ती. विमानतळ नाही, बंदर नाही. जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माल होड्यांतून काठाला येतो. मी गोदीचा माणूस, म्हणून मला हे वाचून आधी ते हमाल आठवले. २०१२ साली त्यांनी चार हजारांवर सौर पॅनल असेच होड्यांतून उतरवले. पैसा न्यूझीलंडचा होता. पण त्या वर्षअखेर तिन्ही बेटांची जवळजवळ सगळी वीज उन्हावर आली. दिवसा पॅनल, रात्री बॅटऱ्या, ढग फार झाले तर जुनं जनरेटर. आणि तिथं गावचा कारभार गावच्या पंचायतीच्या हातात असतो. वीजघर गावाच्या जमिनीवर, गावासाठी.

शेजारी तुवालू. अकराएक हजार माणसं. जगाच्या धुरात त्यांचा वाटा किती? नसल्यात जमा. पण समुद्र वर चढतोय आणि आधी तेच बुडणार. २०२३ साली तुवालूनं ऑस्ट्रेलियाशी करार केला, तो २०२४ पासून लागू झाला. त्यात वर्षाला २८० माणसांना तिकडं जाऊन राहायची मुभा आहे. म्हणजे देश बुडायच्या आधीच माणसं हलवायची सोय सुरू झाली. चूल दुसऱ्यानं पेटवली आणि घर यांचं जळालं. हे गणित आपल्याला नवीन आहे का? मराठवाड्यातल्या मजुरानं किती कोळसा जाळला? तरी दुष्काळ आधी त्याच्या दारात, आणि पूरही आधी त्याच्याच झोपडीत, कारण वस्ती ओढ्याच्या काठाला. चांगली जागा आधीच वाटली गेलेली असते.

आता एक बेट आपल्या रक्ताचं. मॉरिशस.

१८३४ पासून तिथं हिंदुस्थानातून मजूर नेले. गुलामी बंद झाली, पण ऊस कापायला माणूस लागतोच. कागदावर अंगठा घ्यायचा आणि बोटीत भरायचं. त्या कागदाचं नाव गिरमिट. त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसंही होती, रत्नागिरी-सावंतवाडीकडची. पोर्ट लुईला ती माणसं उतरली तो घाट अजून जपून ठेवलाय. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथं मराठी म्हणून ओळखली जातात.

मी या बेटाचं नाव काढलं कारण तिथला ऊस आणि तिथली वीज एकमेकांत गुंतलेली आहे. ऊस गाळला की चिपाड उरतं, कारखान्यात ज्याला बगॅस म्हणतात. हजार किलो उसाला पावणेतीनशे-तीनशे किलो ओलं चिपाड. ते भट्टीत जाळायचं, वाफ करायची, वाफेवर चक्र फिरवायचं. कारखान्याला पुरून उरलेली वीज सरकारला विकायची. मॉरिशसमध्ये हे १९५७ पासून चालू आहे. आणि १९९४ साली तिथं एक वेगळी गोष्ट झाली. शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट नावाची संस्था निघाली. तिचे भागधारक कोण? लहान ऊसवाले शेतकरी आणि साखर उद्योगातले कामगार. या ट्रस्टला कारखान्यांत वाटा मिळाला, आणि पुढं चिपाडावर चालणाऱ्या वीज कंपन्यांतही.

मी मॉरिशसला स्वर्ग म्हणत नाही. तिथल्या मोठ्या इस्टेटी अजून जुन्या गोऱ्या घराण्यांच्या हातात आहेत. उसाचा हंगाम संपला की त्याच भट्ट्यांत बाहेरचा कोळसा जळतो. कामगाराचा वाटा लहान आहे. पण वाटा आहे. कागदावर त्याचं नाव आहे. ज्याच्या आज्याचा अंगठा गिरमिटावर होता त्याचं नाव वीज कंपनीच्या भागात आलं.

आता इकडं या. माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. कळंबकडनं गाडी भरायची, दिवाळी मागं टाकायची, आणि सहा महिने पाचटाच्या खोपीत. खोपीत लाईट नाही. समोर कारखाना, त्याचं धुराडं, त्याचे दिवे. कारखान्यात चिपाडाची वीज तयार व्हायची आणि विकली जायची. आई पहाटे तीनला उठून अंधारात भाकरी थापायची. तिनं तोडलेल्या उसाचं टनावर मोजमाप व्हायचं. त्यातल्या रसाची साखर झाली, मळीची दारू झाली, चिपाडाची वीज झाली. मजुरी मात्र एकाच गोष्टीची, कोयत्याची. एकाच उसाचे तीन धंदे आणि तोडणाऱ्याला एकच दाम.

म्हणजे अक्षय ऊर्जा, हरित ऊर्जा असले शब्द ऐकून पाघळू नका. वीज उन्हाची, वाऱ्याची, चिपाडाची की कोळशाची, हा एक प्रश्न. तो महत्त्वाचा आहे. पण तिची मालकी कुणाची, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न सभेत विचारतात. दुसरा विचारला की सभा संपते.

आज आपल्या जिल्ह्यात काय चाललंय ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. बालाघाटाच्या डोंगरावर पवनचक्क्या. भूम, वाशी, कळंब, कुठंही बघा. कौडगावच्या माळावर महानिर्मितीचा पन्नास मेगावॅटचा सौर प्रकल्प. आपण दुष्काळी जिल्हा म्हणून जन्मभर शिव्या खाल्ल्या. आता तेच ऊन आणि तोच माळावरचा वारा सोन्याच्या भावानं जातोय. आणि जिथं सोनं निघतं तिथं टोळ्या येतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचाचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडं मागितलेल्या खंडणीतून तो झाला असा आरोप आहे. स्वच्छ वीज म्हणतात. पात्याखाली काय सांडतं ते बघा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गायरान.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. शेतीच्या फीडरजवळ सौर प्रकल्प उभे करायचे आणि पंपांना दिवसा वीज द्यायची. योजना वाईट आहे का? मुळीच नाही. रात्री दोनला मोटार चालू करायला गेलेला माणूस सापानं चावून मेलेला मी पाहिलाय. त्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे. या योजनेतला पहिला प्रकल्प २०२४ साली वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. उद्दिष्ट हजारो मेगावॅटचं आहे.

पण जमीन कुठून आणायची? इथं गणित मांडतो, वह्या काढा. एक मेगावॅटला साधारण पाच एकर धरा. आपल्याकडच्या उन्हात वर्षाला पंधराएक लाख युनिट निघतात. युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर. म्हणजे पाच एकरांवर वर्षाला पंचेचाळीस लाखांची वीज. जमीन खाजगी असेल तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, वर दरवर्षी थोडी वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार. पाच एकरांचे अडीच लाख, घरी बसून. आणि जमीन सरकारी असेल तर? नाममात्र भाडं. वर्षाला एक रुपया. ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख, ते वेगळे. आणि त्या सरकारी गायरानावर दोन पिढ्या कुळव मारणारा आपला माणूस? त्याला काय? त्याला नोटीस.

आम्ही तारेवर आकडा टाकला तर ती चोरी. आमच्या हातची जमीन एका रुपयानं दिली तर तो विकास. हा कुठला न्याय, ते कुणीतरी मला शिकवावं.

माझा आजा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात जेलात गेला. ६ डिसेंबरला तो सत्याग्रह सुरू झाला, देशभर लाखांवर माणसं तुरुंगात गेली. आजा जेलातून आला आणि त्यानं गायरानात तीन एकर तुकडा धरला. दगडगोटे होते. त्यानं आणि आजीनं ते पाठीवर वाहून बांधाला टाकले. तलाठी येऊन दंड करायचा. आजा दंड भरायचा आणि पावती जपून ठेवायचा. गावातले लोक हसायचे की येडा दंडाची पावती जपतो. येडा नव्हता तो. ती पावती म्हणजेच त्याचा सातबारा होता. गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमण म्हणून नाव लागतं. सरकारच्या वहीत आमचं नाव चोर म्हणून लागलंय, आणि तोच आमचा मालकीचा पुरावा. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय सांगतो की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करावीत. निर्णय झाला. अर्ज गेले. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. आजा मेला. फाईल जिवंत आहे.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून सांगितलं. पण त्याच निकालात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींचा अपवादही लिहिलाय. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न पुन्हा आला, आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. नोटीस वाटणाऱ्याला निकालातलं पहिलं वाक्य पाठ असतं. अपवादाचं वाक्य आपण पाठ करायचं आहे.

आमच्या गावात मोजणी झाली. आजीनं तूर पेरलेली. मोजणीवाले तुरीतून साखळी ओढत गेले. आजीनं विचारलं, काय बसवणार? ते म्हणाले, आजी, उन्हापासून वीज करणार. आजी म्हणाली, "ऊन तर जन्मभर माझ्याच टकुऱ्यावर पडलं बाबा. आता ते कुणाच्या नावावर लागणार?" मोजणीवाला हसला. मी हसलो नाही. या भाषणाचं नाव तिचं आहे.

तिच्या घरात मीटर नाही. मीटरसाठी योजना निघाली, बाबासाहेबांच्या नावाची. जीवन प्रकाश योजना. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला पाचशे रुपये अनामत, तीही हप्त्यानं, आणि जोडणी. चांगली योजना. पण आजीचं घर गायरानात. तिच्या अर्जाला विचारलं, जागेचा कागद कुठाय? कागद नाही म्हणून मीटर नाही, मीटर नाही म्हणून आकडा, आकडा म्हणून पंचनामा. आणि उद्या तिच्या तुरीवर मेगावॅट उभा राहील. ती वीज जाणार शेतीपंपाला. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला बिल माफ आहे. पंप कुणाचा? ज्याची विहीर त्याचा. विहीर कुणाची? ज्याची जमीन त्याची. जमीन कुणाची? आता मागं हसणाऱ्यानं उत्तर द्यावं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. लपवून ठेवली तर इथं उभं राहायचा मला हक्क नाही. गोदामात आम्ही चिनी पॅनलचे कंटेनर रिकामे करतो. एकेक पॅनल अठ्ठावीस-तीस किलो. काचेचं असतं, आपटायचं नाही, फुटलं तर मजुरीतनं कापतात. त्या पाळीत मी खोक्यांवर पाठ टेकून बसलो होतो आणि गावाकडनं फोन आला की नोटीस आली. मी उतरवलेलेच पॅनल आमच्या गायरानात जाणार होते असं मी म्हणत नाही. ते कुठं जातात आम्हाला कोण सांगतंय. पण माझी पाठ ज्या खोक्याला टेकली होती तेच खोकं आजीच्या तुरीत उभं राहणार, हे मला त्या मिनिटाला कळलं. मग मी काय केलं? उठलो आणि पुढचं खोकं उतरवलं. खोलीचं भाडं द्यायचं होतं. ही लाज मी तुमच्यासमोर ठेवतो. तुमच्यातल्या कुणाची असली लाज असेल तर तीही बाहेर काढा. लाज दडवून चळवळ होत नाही.

माझा चुलतभाऊ म्हणतो, तीन एकर खडकाळात काय पिकतं? दोन पोती तूर. कंपनी मला वॉचमन ठेवते म्हणती, महिन्याला पगार आहे. सोड ना. मी त्याला गद्दार म्हणत नाही. त्याला दोन लेकरं आहेत. मी त्याला एवढंच विचारलं की प्रकल्प पंचवीस-तीस वर्षं चालणार, तुझी नोकरी किती वर्षांच्या कागदावर आहे? त्याच्याकडं कागद नव्हता. पुन्हा कागद नाही. आपल्या जातीला कामं तोंडी मिळतात आणि बेदखली लेखी मिळते.

काही मित्र म्हणतील की मग प्रकल्पच नको, काचा फोडू. मी त्याला नाही म्हणतो. ऊन आपलं वैरी नाही. कोळशानं तुवालू बुडतंय आणि सीनाही फुगतीय. आपल्यालाच ही वीज सगळ्यांत जास्त पाहिजे. आपण उन्हाच्या विरोधात उभं राहिलो तर कोळशाचा दलाल टाळ्या वाजवील.

याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदारांची परिषद झाली. बाबासाहेब आले होते. विषय वतनाचा, म्हणजे जमिनीचा आणि वेठीचा. पुढं दोन वर्षांनी हाच माणूस व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होता, आणि २५ ऑक्टोबर १९४३ ला वीज धोरणाच्या समितीपुढं बोलत होता. वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे, कारण तिच्यावाचून उद्योग नाही आणि उद्योगावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, हा त्यांचा मुद्दा. आणि वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच टेबलावर ठेवला. त्या काळात जी आखणी झाली तिच्यातून पुढं १९४८ चा वीज पुरवठा कायदा आला आणि राज्याराज्यांत वीज मंडळं झाली. आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो आणि त्याला रंगीत बल्बची माळ घालतो. त्या बल्बमध्ये येणाऱ्या विजेवरही त्यांचं काम आहे हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. तडवळ्याला जमीन आणि दिल्लीला वीज. एकाच माणसानं दोन्ही प्रश्न हातात धरले होते. आपण एक सोडून दुसरा धरायचा म्हणजे त्यांना अर्धं वाचणं आहे.

तेव्हा मागण्या चार.

एक. ज्या गायरानावर भूमिहीनाचा जुना कब्जा आहे तिथं आधी १९९१ च्या निर्णयाप्रमाणं हक्काचा निकाल, मग मोजणी. निकालाआधी खांब नाही.

दोन. खाजगी मालकाला हेक्टरी सव्वा लाख, तर गायरान कसणाऱ्यालाही तेवढंच. दगड त्यानंही वेचलेत.

तीन. प्रकल्पात भाग. मॉरिशसचा कामगार भागधारक होऊ शकतो तर धाराशिवचा भूमिहीन का नाही? वॉचमनची काठी नको. वाटा पाहिजे.

चार. ज्या वस्तीच्या शेजारी प्रकल्प, त्या वस्तीच्या प्रत्येक घराला आधी मीटर. घारापुरीला बासष्ट वर्षं थांबवलं. आम्ही थांबणार नाही.

आणि मागण्या लिहून घरी झोपायचं नाही. उद्यापासून कामं आहेत. तुम्ही शहरात शिकणारी पोरं. तुम्हाला कागद वाचता येतो, संगणक येतो. प्रत्येकानं एक गाव घ्यायचं. तलाठ्याकडं जाऊन एक-ई ची नक्कल मागायची. देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. म्हाताऱ्यांच्या ट्रंकेतल्या दंडाच्या पावत्या काढायच्या, फोटो घ्यायचे, यादी करायची. ग्रामसभेत ठराव येणार असेल तर वस्तीनं सगळ्यांनी जायचं, बायांनी पुढं बसायचं. ठराव तुमच्या पाठीमागं झाला तर पोलीस तुमच्या तोंडावर येतील.

हे सगळं करूनही हरू शकतो. मी खोटा धीर देत नाही. आमच्या गावची तारीख लागलीय, निकाल काय लागेल ठाऊक नाही. मी दोन दिवसांची मजुरी बुडवून इथं आलोय. उद्या आजीच्या पावत्यांची चळत घेऊन तहसीलला जायचंय. पावत्या पिवळ्या पडल्यात, काहींवरची शाई उडालीय. परवा रात्री आम्ही त्या चिमणीच्या उजेडात लावत बसलो, सालाप्रमाणं. आजीला वाचता येत नाही, पण कुठली पावती कुठल्या दुष्काळातली ते तिला हातात घेतल्यावर कळतं. ७२ ची तिनं वेगळी काढून ठेवली.

बंदरातल्या दिव्यांखाली मी सहा वर्षं काम केलंय. एवढा उजेड माझ्या वाट्याला कधी आला नव्हता आणि त्यातला एक दिवाही माझा नव्हता. आपल्याला उजेडात उभं राहायला बोलावतील, मजूर म्हणून. आपण जायचं ते मालक म्हणून.

जय भीम.